केसाहून पातळ दगड

बाईंनी निवृत्तीनंतर काय करावं याबद्दल इमारतीतल्या प्रत्येकाचं मत तयार होतं. समोरच्या फ्लॅटमधले दाताचे डॉक्टर म्हणत होते, रोज सकाळी फिरायला जावं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणत होते, कमिटीवर यावं, कारण कमिटीवर यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. धाकट्या जावेचं म्हणणं पडलं की बाईंनी आता विणकाम शिकावं. आणि खुद्द बाईंच्या यजमानांना वाटत होतं, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून झालं, आता दुपारचा चहा दोघांनी मिळून निवांत प्यावा. बाईंनी सगळ्यांचं हसतमुखाने ऐकून घेतलं आणि विद्यापीठात जाऊन भूगर्भशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. आधी कोणाला विचारलं नाही, घेतल्यावर सांगितलं.

यजमानांविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्यांच्याच हातून झालं. त्यांना सगळे मोजपट्टी म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांची उभी हयात गेली. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचे आणि मग खुर्चीवर बसायचे. पडदा एका बाजूने बोटभर खाली आलेला असला तर त्यांचं बोलण्यात लक्ष लागत नसे. आता अशा माणसाच्या घरात दगड येऊन पडू लागले. दगड म्हणजे ज्याला एकही कड सरळ नसते असली वस्तू. खिडकी भरली, मग पुस्तकांचं कपाट भरलं, मग चपलांच्या स्टँडवर चपला खाली आणि दगड वर अशी व्यवस्था झाली.

पहिल्या वर्षी बाई घरी आल्या की पर्स ठेवायच्या आधी बोलायला लागायच्या.

"अहो, ऐका ना. जमिनीखालचा शिलारस थंड होतो ना, तेव्हा सगळी खनिजं एकदम गोठत नाहीत. एकेकाची पाळी असते."

"हं," मोजपट्टी पेपरामागून म्हणायचे.

"जी आधी गोठतात ती बुडाशी जाऊन बसतात. मग उरलेल्या रसाची घडणच बदलते. म्हणजे एकाच रसातून वेगवेगळे खडक होऊ शकतात. आहे की नाही गंमत?"

"हं."

"तुमचं लक्ष आहे का?"

"हं."

असं वर्षभर चाललं आणि मग बाईंनी सांगणं सोडून दिलं. भांडण नाही, तंटा नाही. येत, चहा टाकत, पुस्तक उघडून बसत. आणि आता खरी पंचाईत झाली ती मोजपट्टींची. त्यांना करमेना. पेपर वाचून संपला तरी ते तो तसाच धरून बसत, की आता ही म्हणेल "अहो, ऐका ना". ती म्हणायची नाही. आपणहून विचारावं तर तोंड कुठून आणायचं? ज्याने वर्षभर नुसतं "हं" म्हटलंय त्याने एकदम "काय गं, त्या शिलारसाचं पुढे काय झालं?" असं कसं विचारायचं? माणसाला काही मान असतो. शिवाय मधल्या काळात शिलारस इतका पुढे गेला होता की कुठून विचारावं हेही कळेना. आपली बायको एका मोठ्या घरात राहायला गेली आहे आणि आपण बाहेर पायरीवर बसलो आहोत, असं त्यांना वाटू लागलं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण पेपर उलटा धरलेला दाताच्या डॉक्टरांनी एकदा पाहिला होता.

दुसऱ्या वर्षाचा मुख्य विषय होता अग्निजन्य आणि रूपांतरित खडकांची घडण, आणि तीही वरच्या पातळीची. आपण सगळ्यांनी हे शाळेत केलंय: खडकांचे तीन प्रकार, व्याख्या, एकेक उदाहरण, दोन गुण, विषय संपला. मोजपट्टींच्या मते विषय तिथेच संपायला हवा होता. बाईंच्या मते तो तिथे सुरूही झाला नव्हता. या विषयासाठी प्रत्येकाने स्वतः शोधलेल्या खडकावर छोटा प्रबंध लिहायचा होता. बाई मुलांबरोबर एका जुन्या खाणीत गेल्या, गुडघ्यांना पट्टे बांधून उतार चढल्या आणि सगळी पोरं खाली डबे उघडून बसली असताना एक दगड घेऊन आल्या. अर्धा फिकट आणि दाणेदार, अर्धा काळाभोर. घरी येऊन त्यांनी तो टेबलावरच्या पेपरवर ठेवला, त्यामुळे मोजपट्टींना तो बघावाच लागला.

त्या दिवशी बाईंना राहवलं नाही. "हा फिकट भाग ग्रॅनाइटचा," त्या म्हणाल्या. "खालून वितळलेला रस वर चढला आणि सावकाश गोठला. आणि हा काळा, हा त्याचा शेजारी. बिचारा आधीपासून तिथेच होता. याच्या आचेनं तो वितळला नाही, जागचा हलला नाही, पण आतून सगळा बदलला. जुनी खनिजं गेली, नवी तयार झाली. आणि ही बघा, दोघांची हद्द. ही सापडत नाही हो सहसा इतकी स्वच्छ!"

मोजपट्टींना खूप काही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते असं: "हद्द वाकडी आहे."

बाईंनी दगड उचलून कपाटात ठेवला. मोजपट्टींनी मनातल्या मनात स्वतःला अशा शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत.

आता अडचण अशी होती की नुसता दगड दाखवून परीक्षा होत नाही. त्याचा काप काढायचा, काचपट्टीवर चिकटवायचा आणि केसाहून पातळ होईपर्यंत घासायचा. इतका पातळ, की दगडातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा एकेक दाणा ओळखता येतो. ती काचपट्टी म्हणजे स्लाइड. स्लाइड नाही तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर तोंडी परीक्षा नाही. आणि जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा होती. या खेपेला जो राहील त्याने पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची.

"पुन्हा पहिल्यापासून माझ्याच्यानं नाही व्हायचं," बाई एकदा फोनवर जावेला सांगत होत्या. "झालं तर आत्ता, नाहीतर राहिलंच ते." मोजपट्टींनी ते स्वयंपाकघरातून ऐकलं, आणि हातातली कपबशी होती तिथेच ठेवली.

विभागातलं दगड घासायचं मशीन बंद होतं. बाकीच्या मुलांच्या स्लाइडी ते बंद पडायच्या आधी झाल्या होत्या. मोजपट्टी स्वतः बाईंबरोबर चौकशीला गेले, कारण सरकारी खात्याशी कसं बोलावं हे आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता. तिथे कळलं की मशीन दुरुस्त करायचं तर ते बिघडलं आहे असा दाखला ते चालवणाऱ्या माणसाने द्यायला हवा. चालवणारा माणूस निवृत्त झाला होता. नवा माणूस नेमायचा तर आधी मशीन चालू स्थितीत असायला हवं. खात्यात असताना मोजपट्टींनी स्वतः असे नियम टाइप करून घेतले होते, पण त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायची ही पहिलीच वेळ होती.

विभागप्रमुख हे बाईंचे शाळेतले विद्यार्थी. बाई खोलीत शिरल्या की ते ताडकन उभे राहत. पण उभं राहण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

"बाई, पूर्वी आमच्या वेळी हातानेच घासायचे," ते कान खाजवत म्हणाले. "काचेवर कार्बोरंडमची खरखरीत पावडर आणि पाणी घ्यायचं आणि घासत राहायचं. वेळखाऊ आहे. आणि जाडी अगदी नेमकी लागते, तीन शतांश मिलिमीटर."

"किती म्हणालात?" मोजपट्टी खुर्चीवरून पुढे झाले.

"तीन शतांश."

उभ्या हयातीत खात्याने त्यांच्याकडे इतकं बारीक माप कधी मागितलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. "मग ते मी करतो," ते म्हणाले.

"तुम्ही?" बाई वळून बघायला लागल्या.

"का? घरी रिकामाच तर बसलेला असतो." असं ते जरा फणकाऱ्यानेच म्हणाले, पण आतून त्यांना इतका आनंद झाला होता की जिना उतरताना त्यांनी विद्यापीठाची एक वाकडी पाटी सरळ केली.

पहिली पायरी म्हणजे दगडाचा बिस्किटाएवढा काप काढणं. मोजपट्टींनी दगड फरशीवाल्याकडे दिला. फरशीवाला हौशी माणूस. दुपारीच त्याने एक फिकट, आरशासारखी चकचकीत चकती फडक्यात गुंडाळून हातावर ठेवली.

"साहेब, तुमचा दगड डागी होता," तो कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. "अर्धा काळा पडला होता. सगळा डाग काढून टाकला. आता बघा कसा निघालाय."

मोजपट्टींनी चकती उलटीपालटी करून पाहिली. शेजारी गेला होता, हद्द गेली होती, उरलं होतं ते नुसतं ग्रॅनाइट. "डाग कुठे टाकलात?" त्यांनी कसंबसं विचारलं. फरशीवाल्याने मागच्या अंगणाकडे बोट केलं. तिथे लोकांच्या ओट्यांतून उरलेल्या काळ्या तुकड्यांचा ढीग होता, कमरेएवढा.

बाईंना बोलवावं लागलं. त्या आल्या, पालथ्या बादलीवर बसल्या आणि एकेक काळा तुकडा उचलून त्याला जीभ लावून बघू लागल्या. ओला झाला की दगडाचे दाणे स्पष्ट दिसतात, विभागात सगळे तसंच करतात. पण हे फरशीवाल्याला कोण सांगणार? तो मोजपट्टींना बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, हे कधीपासून चालू आहे?" मोजपट्टी म्हणाले, "दुसरं वर्ष आहे." फरशीवाल्याने सहानुभूतीने मान हलवली आणि बाईंसाठी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

उन्हं कलता कलता बाईंना तो तुकडा सापडला. काळा, आणि एका बाजूला फिकट दगड अजून चिकटलेला. त्यातून जेमतेम एकच काप निघणार होता. "एक पुरतो," बाई म्हणाल्या आणि तोंडाला लागलेली माती पुसत हसल्या. मोजपट्टींना त्या क्षणी त्या इतक्या आवडल्या की ते घाईघाईने दुसरीकडे बघू लागले.

घरी घासण्याचं काम शोकेसच्या काढलेल्या काचेवर सुरू झालं. एक बाजू सपाट करायची, ती काचपट्टीला चिकटवायची, मग दुसरी बाजू घासायची. हात इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायचा, म्हणजे सगळीकडे सारखं घासलं जातं. मोजपट्टींचे आठ छापल्यासारखे होते. पण खर्र खर्र असा आवाज भिंतींतून सगळीकडे पोचला, आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आल्यावर सेक्रेटरी दारात उभे राहिले.

"इमारतीत दगड फोडण्याचं काम चालू आहे असं ऐकतो."

"फोडत नाही, घासतोय."

"घासायची परवानगी घेतली होती?"

"भांडी घासायला घेता का तुम्ही परवानगी?"

"भांडी ही घरगुती बाब आहे," सेक्रेटरी म्हणाले. "खनिज ही घरगुती बाब नाही." दुसऱ्या दिवशी जिन्यात सूचना लागली की रहिवाशांनी आपल्या जागेत खनिज उद्योग चालवू नये. ती सूचना किंचित तिरकी लागली होती. मोजपट्टींनी ती सरळ करून दिली आणि वर येऊन पुन्हा घासायला बसले. पुढे सेक्रेटरी रोज तपासणीला म्हणून येऊ लागले, आणि तपासणी झाली की "कुठवर आलंय बघू" म्हणून काचपट्टी उजेडाला धरून बघत बसू लागले.

चिकटवण्याच्या कामी दाताच्या डॉक्टरांनी मार्गदर्शन केलं. दाताला कॅप बसवतात तेच शास्त्र, असं त्यांचं म्हणणं. पृष्ठभाग कोरडा हवा, मध्ये हवेचा बुडबुडा नको आणि दाबून धरायचं. मोजपट्टींनी इतकं नेमकं दाबून धरलं की काप काचेला चिकटला आणि अंगठाही काचेला चिकटला. त्याच वेळी धाकटी जाऊ भेटायला आली. घरंदाज माणसाने अंगठ्याला काच आणि काचेला दगड अशा अवस्थेत पाहुण्यांशी काय बोलावं? त्यांनी हवापाण्याविषयी बोलून वेळ निभावली. जाऊबाई गेल्यावर डॉक्टरांनी कसलंसं औषध लावून अंगठा सोडवला आणि सवयीने म्हणाले, "आता चूळ भरा."

पावडर सगळीकडे गेली. चहात कचकच, गादीवर कचकच. पण खरं सांगायचं तर त्या घरात इतके चांगले दिवस बऱ्याच काळात आले नव्हते. टेबलाच्या एका टोकाला बाई पुस्तक घेऊन बसत, दुसऱ्या टोकाला मोजपट्टी आठ काढत. मधूनच बाई उठायच्या, काचपट्टी पुसून खिडकीशी धरायच्या आणि म्हणायच्या, "अजून." बस्स, एवढंच. त्या एका शब्दाची मोजपट्टी वाट बघत असायचे. काळा दगड हळूहळू तपकिरी झाला, मग धुरकट झाला, मग एक दिवस त्यातून खिडकीचे गज दिसायला लागले.

"आता हात लावू नका," बाई म्हणाल्या. परीक्षा तोंडावर आली होती आणि त्या ग्रंथालयात निघाल्या होत्या. "उद्या सूक्ष्मदर्शकाखाली जाडी बघते आणि शेवटचं मी करते. फार छान झालंय हो."

फार छान झालंय! मोजपट्टी ते वाक्य मनात घोळवत बसले. मग त्यांनी आपलं बारीक जाडी मोजायचं जुनं मायक्रोमीटर काढलं आणि सहज माप घेतलं. एक कोपरा जाड होता. किंचितच. बाईंनी बघितलं नव्हतं, सेक्रेटरींनी बघितलं नव्हतं, पण त्यांना आता माहीत झालं होतं, आणि माहीत झाल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. तुम्ही म्हणाल, सांगितलं होतं ना हात लावू नका? हो, सांगितलं होतं. पण वाकडी तसबीर बघून बसून राहायला तो माणूस शिकलाच नव्हता. आणि बाईंच्या हातात उद्या द्यायची ती वस्तू निर्दोष असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी ठरवलं, त्या कोपऱ्यावर भार देऊन दोनच आठ काढायचे.

भार चुकीच्या कोपऱ्यावर पडला. दगड पातळ होताना हळूहळू होतो, पण नाहीसा होताना एकदम होतो. त्यांनी काचपट्टी पुसून खिडकीशी धरली, तेव्हा एका कडेला निव्वळ काच होती. तिच्या शेजारी दगड धुक्यासारखा विरत गेला होता, आणि दुसऱ्या कडेला तसाच जाड राहिला होता. उभ्या हयातीत त्यांनी इतकं तिरकं काम केलं नव्हतं.

नेमके त्याच वेळी सेक्रेटरी तपासणीला आले आणि त्यांच्या मागून डॉक्टर. दोघांनी काचपट्टी बघितली आणि दोघेही जड मनाने खुर्च्यांवर बसले.

"काच हातातून पडून फुटली म्हणा," सेक्रेटरी म्हणाले. "फुटण्यात कुणाचा दोष नसतो."

"त्यापेक्षा फरशीवाल्याची ती फिकट चकती आहे ना, तिचा काप करा," डॉक्टरांनी सुचवलं. "मी येतो मदतीला. दगडासारखा दगड. कोण बघतंय?"

"त्यात शेजारी नाही!" मोजपट्टी ओरडले.

दोघे दचकले. "कोण शेजारी?"

"अहो, तो काळा! जो वितळला नाही, पण बदलला. त्या दोघांची हद्द शोधायला ती गुडघे बांधून चढली होती. ती हद्द नसेल तर तिने शोधलं काय?" बोलता बोलता मोजपट्टी थांबले. आपल्याला हे सगळं येतंय याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. सेक्रेटरी हळूच उठले आणि जाता जाता म्हणाले, "ती सूचना मी काढून टाकतो."

बाई घरी आल्या तेव्हा मोजपट्टी दारातच उभे होते. त्यांनी काचपट्टी पुढे केली. "तू नको म्हणाली होतीस," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही. माझ्या हातून गेली."

बाईंनी पर्स खांद्यावर तशीच ठेवून काचपट्टी खिडकीशी धरली. बराच वेळ धरली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी ती पदराने पुसली, डबीत ठेवली आणि विचारलं, "दुपारी जेवलात का?"

मोजपट्टी जेवले नव्हते. ते ऐकून त्यांना रडू फुटलं. अगदी लहान मुलासारखं, नाक ओढत.

"हे बघा," बाई म्हणाल्या, आणि आता त्यांचाही आवाज ओला झाला होता, "मला राग आलाय. भयंकर राग आलाय. पण परवा परीक्षा आहे आणि आत्ता रागवायला मला वेळ नाही. परीक्षा झाल्यावर रागवते. तोवर तुम्ही दोन घास खाऊन घ्या." दुसऱ्या दिवशी त्या डबी घेऊन विभागात गेल्या आणि दिवस मावळेपर्यंत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. घरी आल्या त्या थेट वह्या उघडून बसल्या, आणि विचारायची मोजपट्टींची हिंमत झाली नाही.

परीक्षेच्या दिवशी मोजपट्टी विभागाच्या दारासमोरच्या बाकावर बसले होते. आत बाहेरगावच्या परीक्षकबाई होत्या, जाड चष्म्याच्या आणि कडक म्हणून प्रसिद्ध. दार नीट लागत नव्हतं. एरवी मोजपट्टींनी उठून त्याची बिजागरी तपासली असती, पण आज त्यांनी देवाचे आभार मानले, कारण फटीतून सगळं ऐकू येत होतं. प्रश्नामागून प्रश्न येत होते. रस किती खोलीवर गोठला? कशावरून? पाणी नसतं तर काय झालं असतं? काळ्या खडकात नवी खनिजं कोणत्या क्रमाने आली? आणि प्रत्येक प्रश्नानंतर बाईंचा आवाज यायचा, स्वच्छ, न अडखळता. मोजपट्टींना त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. पण ही आपली बायको आहे असं शेजारी बसलेल्या शिपायाला त्यांनी दोनदा सांगितलं, आणि शिपाई दोन्ही वेळा "हो का?" म्हणाला.

मग परीक्षकबाईंचा आवाज आला. "ही स्लाइड केलीय कोणी? बाहेर आहेत का? बोलवा त्यांना."

मोजपट्टी उठून आत गेले. त्यांनी मनात पाठ केलेलं निवेदन उभ्या उभ्या सुरू केलं. "सदर काचपट्टीच्या बाबतीत झालेल्या हानीस मी एकटा जबाबदार असून, परीक्षार्थीचा यात काहीही..."

"बसा," परीक्षकबाई म्हणाल्या. "मी इतकी वाईट स्लाइड आजवर पाहिली नाही. एका कडेला जाड, एका कडेला शून्य."

"होय," मोजपट्टी म्हणाले. त्यांचे कान तापले होते.

"दगड जितका जाड, तितका त्याच्या दाण्यांचा रंग वेगळा दिसतो. नीट केलेल्या स्लाइडमध्ये एकच जाडी असते, म्हणून एका खनिजाचा रंग साधारण एकाच पट्टीतला. इथे तुम्ही सगळा उतारच करून ठेवलाय. यांनी काल दिवसभर बसून त्या उताराचा नकाशा काढला. कुठे किती जाडी, कुठे कोणता रंग. त्यावरून हद्दीच्या दोन्ही बाजू वाचून दाखवल्या." त्यांनी चष्मा काढून पुसला. "स्लाइडचे गुण मी कापणार आहे. बाकीचे कापायला मला कारण सापडलेलं नाही. बाई, तुम्ही पास आहात."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. मोजपट्टी सूक्ष्मदर्शकाकडे बघत होते. इतके दिवस त्यांनी तो दगड घासला, मापला, पुसला, पण त्यात आहे काय हे एकदाही पाहिलं नव्हतं.

"मी... जरा बघू का?" त्यांनी विचारलं.

पहिल्यांदा त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मान थोडी खाली केली. "दुसरा डोळा मिटू नका. असं. आता बघा."

आणि मोजपट्टींना दिसलं. काळा दगड काळा नव्हताच. त्यात निळं होतं, गुलाबी होतं, पिवळंधमक होतं, आणि दाण्याला दाणा लागून बसला होता. बाईंनी खालची चकती हळूच फिरवली तसे सगळे रंग विझले आणि पुन्हा पेटले. कडेला ते फिकट होत होत करडे झाले होते, आणि मग काहीच नव्हतं. ती त्यांची करणी. पण मध्ये ती हद्द शाबूत होती, वाकडीतिकडी, आणि ती सरळ असावी असं त्यांना मुळीच वाटलं नाही. त्यांना डोळा काढवेना.

"अगं," ते तसेच वाकून म्हणाले, "हे असं कसं झालं गं? तू सांगत होतीस ना, तो रस खालून वर आला आणि हा बदलला? मी नीट ऐकलंच नाही तेव्हा. आता सांग ना मला."

मोजपट्टींनी मान वर केली. इतका वेळ एकाही प्रश्नावर न थांबलेल्या बाई ओठ दाबून उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"कुठून सांगू?" त्या कशाबशा म्हणाल्या.

"पहिल्यापासून सांग. मला घाई नाही."

परीक्षकबाईंनी एकदा दोघांकडे पाहिलं, हातातली पेन्सिल खाली ठेवली, आणि शिपायाला हाक मारून आणखी एक खुर्ची आणायला सांगितली.